परभणीच्या काकांना उत्तर: मारवा, दरबारी आणि विकत घेतलेली मतं

नमस्कार काका,

वय सत्तरीपार असल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. नाव दिलं नाहीत, खाली नुसतं ‘एक श्रोता, परभणी’. प्रतिक्रिया मात्र पोटतिडकीने लिहिलेली आहे. ‘तुमच्या मताचा आदर आहे’ एवढं लिहून तिची बोळवण करणं मला जमणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. आम्ही काही मित्र संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई असे विखुरलेले आहोत आणि जुन्या रेकॉर्डी विकत घेतो. ज्याने घेतली त्याने ती दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकायची, आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी जॅकेटमध्ये सरकवायची आणि रेकॉर्ड पुढच्याकडे द्यायची. पुढच्याने स्वतः ऐकून झाल्याशिवाय आधीची चिठ्ठी उघडायची नाही. मागच्या लेखात अशा चार रेकॉर्डींबद्दल आमची मतं होती: अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या दोन रागांची एलपी (लांब वाजणारी रेकॉर्ड), ‘जैत रे जैत’ आणि ‘बाजार’ या चित्रपटांच्या रेकॉर्डी, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंजोटी रागाची ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) तबकडी.

त्यावर तुमचं म्हणणं असं, की ज्यांनी जन्मभर रियाज केला त्यांच्या गाण्यावर रेकॉर्डी विकत घेणाऱ्यांनी मतं देऊ नयेत. गाणं मैफलीत असतं, रेकॉर्डवरचं गाणं म्हणजे शिळी भाकर. त्यातून हे सगळं मोबाइलवर फुकट मिळत असताना त्यात पैसे घालून वर लेख लिहिणं म्हणजे मिरवणं. आणि मराठवाड्यात बसून लिहिता, पण त्यात मराठवाडा कुठे आहे, आपली भारूडं, गोंधळ, आराधी गाणी कुठे आहेत?

सगळ्यात जास्त तुम्हाला लागलंय ते माझं दरबारीबद्दलचं वाक्य. ‘या रेकॉर्डवर मारवा पुरा वाटतो, दरबारी पुरा वाटत नाही.’ खाँसाहेबांबद्दल असं लिहायला जीभ कशी रेटते, असं तुम्ही विचारलंय. काका, ते वाक्य मी आजही तसंच लिहीन. फक्त तिथे कारण थोडक्यात आलं होतं, ते इथे नीट मांडतो.

ही एलपी १९६०ची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. एलपीची एक बाजू म्हणजे वीस-बावीस मिनिटं, ताणली तर पंचवीस. त्याहून जास्त भरायचं तर खोबणी एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. म्हणजे खाँसाहेब गायला बसले तेव्हा घड्याळ आधीच ठरलेलं होतं. त्यांची बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडणं, केवढी संथ, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्या आवडत्या झुमरा तालाच्या चौदा मात्रा, त्यातून अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लय. एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण-एक मिनिट खाणार. शेवटच्या द्रुत, म्हणजे जलद भागासाठी जागा सोडली तर बाजूत आवर्तनं बसणार किती?

आता मारवा घ्या. पंचम (प) नाही. षड्जावर (सा) ठाण मांडून बसायचं नाही. सगळा भार कोमल रिषभ आणि धैवतावर. ‘पिया मोरे अनत देस’ ऐकताना आपण षड्जाची वाट बघत राहतो आणि तो आला तरी फार वेळ थांबत नाही. ही हुरहुर त्या रागाचा स्वभावच आहे. म्हणून बाजू संपते, पिन मधल्या कोऱ्या खोबणीत जाऊन फिरत राहते, तेव्हा जे अपुरं राहिल्यासारखं वाटतं ते मारव्याचं स्वतःचं अपुरेपण असतं. बावीस मिनिटांची अट रागाच्या स्वभावात मिसळून गेली आहे. खाँसाहेबांनी ते जाणून केलं की आपसूक झालं, हे मला सांगता येणार नाही, पण कानाला ते असंच लागतं.

दरबारीचं तसं नाही. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरून बसायचं, आंदोलित, म्हणजे झुलवलेला गंधार पुन्हा पुन्हा लावायचा, कोमल धैवताला हात लावून परत यायचं, घाई म्हणून कुठे करायची नाही. तिथे अपुरेपणाला रागाचा आधार नाही. मन त्या गंधारात बसायला लागतं आणि बाजू संपते. मला अजून हवं होतं, आणि ते ‘अजून’ मारव्यानंतर वाटलं तसं गोड नव्हतं, नुसतंच तोडल्यासारखं होतं. यात खाँसाहेबांचा दोष कुठे येतो? मी मत दिलं ते एका तबकडीबद्दल. तबकडी एकट्या गायकाची नसते. कुठला राग कुठल्या बाजूला घ्यायचा, किती वेळ द्यायचा, साथीदारांची नावं छापायची की नाही, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. ते बरं ठरवलं की वाईट, हे ऐकणाऱ्याने बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

आणि काका, तुम्ही रागाच्या भरात एक गोष्ट सोडून दिलीत. त्याच लेखात नांदेडच्या मित्राची चिठ्ठीही होती आणि तिच्यात बरोबर माझ्या उलट मत होतं. त्याच्या मते दरबारीच खरी, कारण खाँसाहेबांचा मंद्रातला आवाज या रेकॉर्डवर जितका भरीव उतरलाय तितका दुसरीकडे सापडत नाही, आणि दरबारीत वेळ मोजत बसू नये. मी ते मत जसंच्या तसं छापलं. आम्ही त्यावरून फोनवर भांडलो, अजूनही भांडतो. एकाच मताला सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या तर चिठ्ठ्या लिहिण्यात काही अर्थच नव्हता.

आता ‘शिळी भाकर’. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंजोटीला हे म्हणता येईल का, ते तुम्हीच ठरवा. दहा इंची ७८ची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास. ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही काही मैफलीतून कापून आणलेली तीन मिनिटं नव्हेत. ती ठुमरी त्या तीन मिनिटांसाठीच बांधून गायलेली आहे: कुठे सुरुवात करायची, आवाज कुठे चढवायचा, कुठे सोडायचा, सगळं त्या मापात. खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेला त्यांच्या समोर बसून ज्यांनी ऐकलं, ती पिढीही गेली. माझ्यासारख्याला ते भेटले ते लाखेच्या काळ्या चकतीतून, खरखरीसकट. मैफल मोठी, हे मला कुणी सांगायची गरज नाही. वेरूळ महोत्सवात, अंबाजोगाईच्या समारोहात मीही बसलोय. पण मैफलीपेक्षा लहान असलेली प्रत्येक गोष्ट टाकाऊ ठरत नाही.

तुमच्याच प्रतिक्रियेत एक फार सुंदर परिच्छेद आहे. वाड्यात एकच रेडिओ, शनिवारी रात्री आकाशवाणीचा नॅशनल प्रोग्रॅम, सतरंजीवर बसलेली माणसं आणि कार्यक्रम संपल्यावर ओट्यावर बारा वाजेपर्यंत चाललेली चर्चा. अमीर खाँसाहेब तुम्ही तिथेच ऐकले, असं लिहिलंय. काका, ते गाणंसुद्धा यंत्रातूनच आलं होतं. रेडिओलाही वेळेची अट होती. गायक दिसत नव्हता. तरी तुम्ही ओट्यावर मतं मांडलीत, कोण बरा, कोणाचा तराणा जास्त चढला, यावर वाद घातलात. तुमच्यातला कुणीही गवई नव्हता, हे तुम्हीच सांगितलंय. तुमची ओट्यावरची चर्चा आणि आमच्या चिठ्ठ्या यांत मला तरी फरक दिसत नाही.

आपल्या भागात रेकॉर्डी घराघरांत नव्हत्या, हे खरं. त्या होत्या माईकवाल्यांकडे. लग्न असो, जत्रा असो, झाडाला भोंगा बांधायचा आणि चेंजरवर तबकड्या चढवायच्या. आज आम्हाला ज्या जुन्या रेकॉर्डी मिळतात, त्यांतल्या कितीतरी अशा माईकवाल्यांच्या पेटीतून निघालेल्या असतात. जॅकेटवर पेनने मंडपवाल्याचं नाव, गावाचं नाव. जड हाताने, झिजलेल्या पिनने वाजवून खोबण्या पांढऱ्या पडलेल्या. लोकांना आवडलेलं गाणं चटकन ओळखू येतं, कारण तेवढाच पट्टा जास्त झिजलेला असतो. एखाद्या गावाने काय ऐकलं, कशाची फर्माईश केली, याची नोंद त्या तबकडीवरच असते. अशी रेकॉर्ड हातात आली की मला फार आनंद होतो, आणि तो आनंद लिहिल्याशिवाय राहवत नाही. मिरवायला माझ्याकडे एवढंच आहे.

मोबाइलवर फुकट मिळतं, कबूल. मीही ऐकतो. पण तिथे चढवणाऱ्याने रेकॉर्ड कुठल्या वेगाने वाजवली, हे कळत नाही. बेल्ट सैल असेल तर गाणं संथ आणि खाली उतरतं. वेग सहा टक्क्यांनी वाढला की काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये, म्हणजे पट्टीच्या एक पायरी वर, गाऊ लागतो. ७८च्या तबकड्या तर सगळ्या नेमक्या ७८च्या वेगाने भरलेल्याही नसायच्या. पट्टी बदलली की आवाजाचा पोत बदलतो, आणि मग आपण ‘खाँसाहेबांचा आवाज जरा पातळच होता’ असं मत करून बसतो. दुसरं म्हणजे, विकत घेतलेल्या रेकॉर्डची न आवडलेली बाजूही मी ऐकतो, कारण तिचेही पैसे मोजलेले असतात. बोटाने पुढे ढकलायची सोय असती तर ‘जैत रे जैत’मधून मी ‘नभ उतरू आलं’ आणि ‘जांभुळपिकल्या झाडाखाली’ एवढंच ऐकलं असतं. आशाबाईंची ती गाणी कुणाला आवडणार नाहीत? पण त्या रेकॉर्डचा कणा माझ्या मते रवींद्र साठे, चंद्रकांत काळे आणि त्यांच्यामागे उभा असलेला समूह आहे. ठाकरांच्या त्या वाडीचा डोंगर मला त्या आवाजांतून दिसतो. हे मत पूर्ण ऐकल्यावर आलंय, सुटं गाणं ऐकून ते आलं नसतं.

आणि मराठवाडा कुठे, असं विचारता? ‘जैत रे जैत’ची गाणी ना. धों. महानोरांची. हृदयनाथांनी १९७७ साली त्यांना चाली दिल्या, गोष्ट घडते ठाकरांच्या डोंगरात, पण शब्द आले ते अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेडहून. पाऊस डोळ्यांत प्राण आणून पाहावा लागतो त्या रानातला हा कवी आहे, आणि ‘नभ उतरू आलं’ ऐकताना मला ते क्षणभरही विसरता येत नाही.

‘बाजार’ १९८२चा. ही रेकॉर्ड मला संभाजीनगरच्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मिळाली. संगीतकार खय्यामसाहेबांनी तिच्यात शायर मीर तकी मीरला आणून बसवलंय, मिर्झा शौकला आणलंय, हैदराबादच्या मखदूम मोहिउद्दीनला आणलंय, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून औरंगाबादचे बशर नवाज बसलेत. ‘करोगे याद तो हर बात याद आएगी’ भूपिंदर गातात तेव्हा किती लोकांना माहीत असतं की हे लिहिणारा माणूस आपल्या शहराच्या गल्ल्यांतून फिरत होता? सिनेमाही हैदराबादचाच. १९४८पर्यंत आपण निजामाच्या ज्या राज्यात होतो त्या राज्याची बोली, तिथली उर्दू, तिथलं दुःख या एका तबकडीवर आहे. वली आणि सिराज हे जुने उर्दू शायर ज्या शहरात लिहीत होते, त्या शहराचा एक शायर त्यांच्यानंतर अडीचशे वर्षांनी मीरच्या शेजारी छापला जातो. यापेक्षा जास्त मराठवाडा मला एका रेकॉर्डवर सापडलेला नाही.

भारूड, गोंधळ, आराधी गाणी यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला मनापासून हवं आहे. तुळजापूर, माहूर, पैठण इथल्या यात्रांतल्या दुकानांत ज्या कॅसेटी विकल्या गेल्या, त्यांच्या वेष्टनावर बहुतेकदा गायकाचा फोटो आणि नाव एवढंच असायचं. साल नाही, संबळ कुणी वाजवला ते नाही. त्यांची फीत आता चिकटायला लागली आहे. त्या आम्ही जमवतोय, आणि त्यांच्यावरही चिठ्ठ्या लिहिल्या जाणार आहेत, मारव्यावर लिहिल्या तशाच. आवडलं तर आवडलं, नाही तर नाही, कारणासकट. आपल्या मातीतलं म्हणून नुसतं कौतुक केलं, तर ते मन लावून ऐकलंच नाही असा त्याचा अर्थ होईल.

तर विनंती अशी. मारवा-दरबारी सध्या लातूरला आहे, तिथून ती परत येईल. मला ती तुमच्याकडे पाठवायची आहे. आमच्या चिठ्ठ्या आत असतील, त्या नंतर वाचा. रेडिओवर ऐकलेल्या खाँसाहेबांशी ताडून तुमची चिठ्ठी लिहा, माझं मत खोडून काढणारी असली तरी ती जशीच्या तशी इथे येईल. तुमच्याकडे प्लेअर चालू आहे का, एवढं कळवा, आणि पिन जुनी असेल तर रेकॉर्ड लावण्याआधी बदलून घ्या.