गद्दार हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही

नमस्कार सर,

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या सिनेमातल्या, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत पडलेल्या ब्रिटिश कर्नल निकल्सनला मी गद्दार म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "खुर्चीत बसून कर्नल निकल्सनला गद्दार म्हणणं सोपं आहे. कैदेत त्याने पलटणीची शिस्त राखली म्हणून माणसं तगली. आणि या सिनेमाने खऱ्या कैद्यांचा अपमानच केलाय."

'गद्दार' मागे घेतो. फौजेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला तो का झोंबला, कळतं. पण मग प्रश्न सुटत नाही, आणखी अडचणीचा होतो.

तो १९५७ चा सिनेमा पुन्हा आठवा. अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करायची नाही, जिनिव्हा करारात तसं कलम आहे, एवढ्यासाठी निकल्सन भट्टीसारख्या पत्र्याच्या कोठडीत सडतो. शेवटी छावणीचा जपानी प्रमुख सायतो नमतो. तिथे आपण टाळ्या वाजवतो, मीही वाजवल्यात. पुढे जपानी कैद्यांकडून बांधून घेत असलेला रेल्वेचा पूल वेळेत होईना, तेव्हा हाच माणूस आपल्या अधिकाऱ्यांना कामाला लावतो, वर दवाखान्यात जाऊन आजाऱ्यांनाही उठवतो. सायतोला दंडुक्याने जे मिळालं नाही, ते याने आपणहून दिलं. आणि गंमत म्हणजे शिस्त कुठेच मोडली नाही! पूल कुणाच्या गाड्यांसाठी, एवढंच विचारायचं राहिलं.

का राहिलं, ते संध्याकाळच्या प्रसंगात आहे. उद्या नोकरीला २८ वर्षं होतील, त्यात घरी जेमतेम दहा महिने, असं तो सायतोला, म्हणजे शत्रूलाच, सांगतो. दुसरं होतं कोण ऐकायला? त्या २८ वर्षांची दाखवण्याजोगी वस्तू म्हणजे तो पूल. निकल्सन झालेला ॲलेक गिनेस हे इतकं सहज बोलतो की मला त्याचा राग धरवत नाही.

अपमानाबद्दल मात्र तुमचं बरोबर. तिथल्या कैद्यांचे खरे अधिकारी फिलिप टूसी कामात जमेल तेवढा खोडा घालत होते. लाकडात वाळवी सोडण्यापर्यंत कैद्यांची मजल गेली होती. मी तर आणखी एक तक्रार जोडतो. तो पूल ज्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचा, त्या ४१५ किलोमीटरच्या रेल्वेवर दोस्त राष्ट्रांचे १२ हजारांहून जास्त कैदी मेले, पण आशियाई मजूर त्यांच्या कितीतरी पट मेले. त्यांत मलायातल्या मळ्यांवरचे तमिळ होते. सिनेमात ते जवळजवळ नाहीतच.

राहिला शेवट. तुम्ही म्हणता, चूक उमगल्यावर त्याने पूल उडवायला मुद्दाम सुरुंगाच्या दांड्यावर अंग टाकलं. काल तेवढाच भाग तीनदा पाहिला. "मी हे काय केलं?" म्हणतो, तोफगोळ्याने जखमी होतो, लडखडतो, वर बघतो, कोसळतो. मला तरी मुद्दाम वाटलं नाही.