खुलासा : क्रिस्तीना नेआगू आणि 2016 चा करंडक

'2016 मध्ये सीएसएम बुखारेस्टला महिला हँडबॉलची चॅम्पियन्स लीग नेआगूने जिंकून दिली' हे रोमानियाची हँडबॉलपटू क्रिस्तीना नेआगू हिच्याबद्दलचे वाक्य मीच एका टिपणात लिहिले होते, आणि ते आता पुढे पाठवले जात आहे. ते चुकीचे आहे.

त्या वर्षी रोमानियातील बुखारेस्टच्या या संघाने युरोपातील क्लबांच्या या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हंगेरीच्या ग्यॉरला पेनल्टींवर हरवले, हे खरे. पण नेआगू तेव्हा माँटेनेग्रोच्या बुदुच्नोस्त संघात होती आणि 2017 मध्येच बुखारेस्टला आली, हे दोन्ही हंगामांच्या संघयाद्या शेजारी ठेवून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले. तिने ही स्पर्धा जिंकली ती 2015 मध्ये, बुदुच्नोस्तकडून, नॉर्वेच्या लार्विकविरुद्ध. 2016 ची जगातील सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली होती, त्यामुळे दोन गोष्टींची सरमिसळ झाली असावी. तरी तपासून लिहायला हवे होते. हा सन्मान तिला 2010, 2015, 2016 आणि 2018 असा चार वेळा मिळाला, आणि 2024 मध्ये निवृत्त होईपर्यंत बुखारेस्टकडून खेळूनही त्या संघासोबत तिला चॅम्पियन्स लीग जिंकता आली नाही.

कृपया जुने टिपण पुढे पाठवू नये. ज्यांना आधीच पाठवले असेल, त्यांना हा खुलासा कळवावा.