कुंडीत चमचाभर बोरॅक्स? हिशेब करून बघा

'दर महिन्याला कुंडीत चमचाभर बोरॅक्स आणि चमचाभर झिंक सल्फेट घाला. भाजी जोमानं वाढते, जीवनसत्त्वं दुप्पट होतात, जास्त झालंच तर पाण्याबरोबर वाहून जातं.' हा मेसेज सध्या जोरात फिरतोय.

'चमचाभरानं काय होतंय?' चहाचा चमचा म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम बोरॅक्स. त्यात ११ टक्के बोरॉन, म्हणजे अर्धा ग्रॅम. १० किलो मातीत ते ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) झालं. जमिनीत उपलब्ध बोरॉन अर्ध्या पीपीएमच्या वर असलं की बहुतेक भाज्यांचं भागतं. घेवडा तर मातीतल्या पाण्यात १ पीपीएम झालं तरी कुरकुरतो. टोमॅटो, बीट जास्त सोसतात, पण इतकं नाही.

'वाढ जोमानं होते.' बोरॉन पाण्याबरोबर पानात चढतं, पाणी उडून जातं आणि ते टोकाशी साचतं. म्हणून जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग करपतात. जस्ताचं उलटं. जादा जस्त लोहाला आडवं येतं, त्यामुळे कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. खरा घोटाळा इथे होतो: पिवळेपणा बघून 'अन्नद्रव्य कमी पडलं' म्हणत तेच मिश्रण पुन्हा ओतलं जातं.

'जीवनसत्त्वं दुप्पट.' क जीवनसत्त्व झाड साखरेपासून बनवतं. त्याच्या रेणूत जस्तही नसतं आणि बोरॉनही. कमतरता भरून निघाली तर फरक पडू शकतो, त्यापुढे नाही. उलट पान पिवळं पडलं की हरितद्रव्याबरोबर कॅरोटीनही घटतं. ताणातल्या पानात क जीवनसत्त्वाचा ग्रॅममागचा आकडा कधी वर दिसतो, पण पानंच खुरटी, जुडी भरणार कशी?

'वाहून जातं.' बोरॉन जातं, तेही तळाला भोक असेल तर. कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट पाणी हळूहळू सोडा आणि बशीत साचलेलं फेकून द्या. सोबत नत्रही धुपतं, म्हणून नंतर मूठभर गांडूळखत घाला. जस्त मात्र मातीच्या कणांना चिकटून बसतं. शेतात हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट एकदा दिलं की दोन-तीन हंगाम पुरतं, ते यामुळेच. ते दरमहा घातलं की साठतच जातं, आणि धुऊन काढता येत नाही.

माती परीक्षणात डीटीपीए पद्धतीनं (झाडाला घेता येईल असं जस्त मोजायची चाचणी) जस्त ०.६ पीपीएमच्या खाली आलं तरच द्या. फवारणीला लिटरमागे ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना. बोरॉन कमी असेल तर बोरॅक्स लिटरला १ ग्रॅम, फुलोऱ्याआधी एकदाच. घेवड्यावर तेही नको.