मूठभर कापूस आणि अब्जावधी टकरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

हिग्ज बोसॉन या मूलकणावरील माझ्या लेखाखाली आपण सविस्तर आक्षेप नोंदवला आहे. इतर वाचकांसाठी त्याचा सारांश आधी देतो. आपले म्हणणे असे की, कोलायडरमध्ये, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, होणाऱ्या टकरींपैकी जवळजवळ सगळ्यांची नोंद फेकून दिली जाते, उरलेल्या थोड्या नोंदींतून आलेखावर एक उंचवटा काढून दाखवला जातो, तो कण कोणी पाहिलेला नसतो, आणि तरीही तो सापडल्याचे जाहीर होते. खरेदी केंद्रावर प्रत ठरवणारा ग्रेडर गाडीतला मूठभर कापूस हाती घेतो आणि त्यावरून अख्ख्या गाडीचा भाव पाडतो, त्यात आणि यात फरक काय, असे आपण विचारता. घाटंजी तालुक्यातल्या आपल्या मुलांनी यावर कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा, हा आपला शेवटचा प्रश्न आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

नोंदी फेकल्या जातात हे खरे आहे. किंबहुना आकडे आपण लिहिलेत त्याहून टोकाचे आहेत. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात, आणि अशा प्रत्येक वेळी अनेक प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. टकरींतून निघणारे कण टिपणाऱ्या डिटेक्टरमधील इलेक्ट्रॉनिक्स काही मायक्रोसेकंदांत निर्णय घेऊन त्यांतल्या सेकंदाला सुमारे १ लाख घटना पुढे पाठवते, आणि त्यानंतर संगणक त्यांतल्या हजाराच्या आसपास घटना साठवतात. या निवडीला ट्रिगर म्हणतात. एवढी कठोर निवड करावी लागते, कारण हिग्ज बोसॉन साधारण एक अब्ज टकरींमागे एखादाच निर्माण होतो. बाकीच्या टकरींमध्ये जे घडते ते बहुतांशी पूर्वीच पुरेसे अभ्यासलेले असते, आणि ते सगळे साठवू शकेल अशी यंत्रणा आज कोठेही नाही.

ग्रेडरबद्दलची आपली तक्रार मला मान्य आहे. परंतु ती तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, हे पाहिले पाहिजे. मूठभर कापूस घेतला यात अन्याय नाही. कोणती मूठ घ्यायची हे गाडी पाहिल्यानंतर ठरते, ओलावा मोजणारे यंत्र बरोबर आहे का हे शेतकऱ्याला तपासता येत नाही, आणि दुसऱ्या ग्रेडरकडे जाण्याची सोय नसते, यात अन्याय आहे. कोलायडरमध्ये मुठीचा नियम टक्कर होण्याआधी लिहिलेला असतो. त्याशिवाय कोणताही निकष न लावता, केवळ यदृच्छेने निवडलेल्या काही घटनाही साठवल्या जातात, म्हणजे नियमाने काय गाळले जाते हे नंतर तपासता येते. ॲटलास आणि सीएमएस हे दोन डिटेक्टर वेगळ्या रचनेचे आहेत, त्यांचे गट वेगळे आहेत, आणि ते आपापले निष्कर्ष स्वतंत्रपणे काढतात. सीएमएसच्या गटांनी तर २०१२ सालच्या नोंदी तपासताना, ज्या पट्ट्यात हिग्ज असण्याची शक्यता होती तो पट्टा स्वतःपासूनच झाकून ठेवला होता, आणि निवडीचे सगळे निकष पक्के झाल्यावर जूनमध्ये तो उघडून पाहिला.

यंत्राची तपासणी कशी होते, हे मला विशेष आवडते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. झेड बोसॉन हा १९८३ मध्ये सापडलेला कण आहे आणि त्याचे वस्तुमान, सुमारे ९१.१९ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचे वस्तुमान या ऊर्जेच्या एककात सांगतात), फार अचूकपणे माहीत आहे. तो कधी कधी दोन म्युऑनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांमध्ये, विघटित होतो. त्यांतल्या एका म्युऑनमुळे ती घटना निवडली गेली असेल, तर दुसऱ्या म्युऑनचा त्या निवडीशी संबंध नसतो. दोघांचे मिळून वस्तुमान ९१च्या आसपास येते यावरून तो खरा म्युऑन आहे हे कळते, आणि मग ट्रिगरने त्याला ओळखले की सोडले, एवढेच मोजायचे राहते. अशा लाखो जोड्या तपासल्या की ही यंत्रणा शंभरांतले किती म्युऑन पकडते, कोणत्या कोनात अधिक चुकवते, कोणत्या ऊर्जेखाली कमी पडते, हे सगळे मोजणीने हाती येते. नव्या कणाविषयी बोलण्याआधी जुन्या, माहीत असलेल्या कणांची उत्तरे बरोबर यावी लागतात.

आपल्या आक्षेपाचा एक भाग मात्र पुरता खरा आहे आणि तो या क्षेत्रातल्या लोकांनाही सतावतो. ज्या कणाची कोणी कल्पनाच केलेली नाही, जो टकरीपासून दूर जाऊन विघटित होतो किंवा ज्याच्या खुणा फार क्षीण आहेत, तो ट्रिगरच्या नियमात न बसल्याने कायमचा हातचा जाऊ शकतो. त्यावर उपाय शोधले जात आहेत. सीएमएस काही घटनांचा केवळ सारांश साठवते, म्हणजे तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक घटना मावतात. काही नोंदी तपासणीविना बाजूला ठेवून सवडीने अभ्यासल्या जातात. एलएचसीबी या प्रयोगाने २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला टप्पाच काढून टाकला आणि सगळा निर्णय संगणकांवर सोपवला. यानंतरही धोका उरतोच, आणि तो उरतो असे म्हणणेच प्रामाणिकपणाचे आहे.

कण कोणी पाहिला नाही, हेही बरोबर आहे. हिग्ज बोसॉन १०चा उणे २२वा घात इतक्या सेकंदांच्या पातळीवर नष्ट होतो. तेवढ्या वेळात तो अणूच्या आकाराइतकेही अंतर कापत नाही. हजारांतून दोनच्या आसपास वेळा त्याचे दोन फोटॉन होतात. सीएमएसमधले शिशाच्या टंगस्टेटचे सुमारे ७६ हजार स्फटिक त्या फोटॉनांची ऊर्जा मोजतात, आणि ऊर्जा व दोघांमधला कोन यांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढले जाते. अडचण अशी की फोटॉनांच्या जोड्या इतर साध्या प्रक्रियांतूनही मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे कोणत्याही एका घटनेकडे बोट दाखवून ‘हाच हिग्ज’ असे म्हणता येत नाही; हळूहळू उतरत जाणाऱ्या आलेखावर १२५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जागी अपेक्षेपेक्षा किती जोड्या अधिक आल्या, एवढेच म्हणता येते. ४ जुलै २०१२ रोजी जी घोषणा झाली ती या जादा संख्येबद्दलची होती, आणि चार इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन देणाऱ्या दुसऱ्या मार्गानेही त्याच वस्तुमानावर जादा घटना आल्या म्हणून ती करता आली.

‘हजार जागी शोधले तर कुठेतरी उंचवटा दिसणारच’, असे आपण लिहिले आहे. हे तंतोतंत घडलेले आहे, आणि माझ्या मते २०१२ पेक्षा तो प्रसंग विद्यार्थ्यांना अधिक शिकवणारा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ॲटलास आणि सीएमएस या दोघांनाही दोन फोटॉनांच्या आलेखात ७५० गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ उंचवटा दिसला. ॲटलासमध्ये त्या एका जागेपुरता हिशेब केला तर तो साडेतीन सिग्माहून अधिक होता (सिग्मा हे योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे माप; तो आकडा जितका मोठा, तितका योगायोग अवघड). पण शोधलेल्या सगळ्या जागा जमेस धरल्यावर तो दोनच्या आसपास उतरला. सिद्धांत मांडणाऱ्यांनी काही महिन्यांत शेकडो शोधनिबंध लिहिले. प्रयोग करणाऱ्यांनी मात्र शोध लागल्याचा दावा केला नाही, आणि कित्येक पट अधिक नोंदी जमल्यावर ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनीच तो उंचवटा नाहीसा झाल्याचे सांगितले. पाच सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक असावी असा, उंबरठा आपल्याला मनमानी वाटतो. तो संकेतच आहे, निसर्गनियम नव्हे. पण अशा प्रसंगांमुळेच तो इतका वर ठेवावा लागतो.

योगायोग वगळला तरी यंत्राची चूक उरते, आणि तिच्यासाठी सिग्मा पुरत नाही. याच बोगद्यात १९८९ ते २००० या काळात लेप नावाचा कोलायडर चालत होता. झेडचे वस्तुमान ठरवताना तिथल्या लोकांना आढळले की चंद्राच्या ओढीने जमीन किंचित फुगते, २७ किलोमीटरचा परीघ सुमारे १ मिलिमीटरने बदलतो, आणि किरणांच्या ऊर्जेत तेवढ्यानेही फरक पडतो. पुढे चुंबकांमध्ये दिवसा न उलगडणारे चढउतार दिसले, आणि रात्री उशिरा ते थांबत. शोध घेतल्यावर जवळून जाणाऱ्या विजेवरच्या रेल्वेगाड्यांचा जमिनीत झिरपणारा प्रवाह त्यांचे कारण निघाले. या सगळ्या दुरुस्त्या केल्यावर सुमारे ९१,१८८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या उत्तरातली अनिश्चितता दोन मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आली. मूठ कशी घेतली एवढेच नव्हे, तर काटा कशाकशाने हलतो याचाही इतका पाठपुरावा होतो.

मतभेद आजही मिटलेले नाहीत. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेच्या सीडीएफ गटाने २०२२ मध्ये डब्ल्यू बोसॉन या दुसऱ्या एका कणाचे वस्तुमान ८०,४३३ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट जाहीर केले, जे सिद्धांताच्या उत्तरापासून सात सिग्मा दूर होते. २०२४ मध्ये सीएमएसचे उत्तर ८०,३६० आले, सिद्धांताशी जुळणारे. दोघांनीही आपापली अनिश्चितता दहा मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतबाहेर सांगितली आहे, म्हणजे कोठेतरी काहीतरी निसटले आहे. मला सीएमएसचे उत्तर अधिक संभाव्य वाटते, कारण इतर प्रयोगांची उत्तरेही त्याच बाजूची आहेत. तरी सीडीएफचे नेमके काय चुकले हे कोणी दाखवेपर्यंत हा प्रश्न बंद झाला असे मी म्हणणार नाही.

खर्चाविषयी थोडेच लिहितो. हा कोलायडर चालवणाऱ्या सर्न या युरोपीय संस्थेचा भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे, आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, चंदीगडचे पंजाब विद्यापीठ अशा आपल्या संस्थांनी सीएमएसच्या बांधणीत व विश्लेषणात काम केले आहे. कापसाच्या भावाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, आणि तो सोडवण्यासाठी हा खर्च आहे असा दावा मी कधी केलेला नाही.

राहिला मुलांच्या विश्वासाचा प्रश्न. त्यांनी विश्वास ठेवू नये, त्यांनी तपासावे. सीएमएसच्या जुन्या नोंदी २०१४ पासून इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुल्या आहेत. त्यांत २०१० सालच्या एक लाख म्युऑन-जोड्यांची एक तक्त्याच्या स्वरूपातली फाइल आहे. ती शाळेतल्या साध्या संगणकावरही उघडते, आणि तिच्यात प्रत्येक म्युऑनची ऊर्जा, तीन दिशांतला संवेग आणि विद्युतभार दिलेला आहे. दोघांच्या ऊर्जांच्या बेरजेच्या वर्गातून संवेगांच्या बेरजेचा वर्ग वजा करायचा आणि वर्गमूळ घ्यायचे, म्हणजे बारावीच्या मुलाला वस्तुमान काढता येते. आलेख काढल्यावर ३.१, ९.५ आणि ९१ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट या, माहीत असलेल्या कणांच्या जागा नीट पाहाव्यात. दिवाळीनंतर वेचणीने जोर धरला की वर्गातली हजेरी घटते, हे आपण जाणताच. म्हणून त्याआधी एखाद्या रविवारी मी माझा लॅपटॉप घेऊन आपल्या शाळेत येऊ शकेन. निवडीचे निकष मुलांनी स्वतः ठरवून आधी फळ्यावर लिहावेत. मग विरुद्ध भाराच्या जोड्या आणि समान भाराच्या जोड्या वेगळ्या कराव्यात. ज्या कणांवर स्वतःचा भार नाही, ते समान भाराच्या दोन म्युऑनमध्ये विघटित होऊ शकत नाहीत, त्यामुळे ही दुसरी रास पार्श्वभूमीचा अंदाज देते. त्या राशीत ३.१पाशी उंचवटा येतो का, हे मुलांनीच सांगावे. निघेल तो आलेख त्यांच्या निकषांसह मी पुढच्या लेखात जसाच्या तसा देईन.