बोलू द्या ना त्यांना मराठी!

आमच्या चर्चमध्ये परदेशातून नवं मिशनरी जोडपं आलंय. भर मे महिन्यात कूलरसमोर बसून बाराखडी गिरवतात दोघं. आणि आपण काय करतो?

काल नागपुरातल्या गोकुळपेठच्या बाजारात त्यातल्या ताई म्हणाल्या, "दादा, कोथिंबीर द्या." भाजीवाला म्हणतो, "सांबार? टेन रुपीज, मॅडम!" ताईंनी लगेच वही काढली, घामेजल्या बोटांनी 'सांबार' (आपल्याकडे कोथिंबिरीला तेच म्हणतात) लिहिलं अन् पुन्हा विचारलं, "सांबार कसा दिला?" पुन्हा तेच, "टेन रुपीज!" अरे बाप्पा, 'दहा रुपये' म्हणायला जीभ झिजते का? ऑटोवाला हिंदीत, शेजारच्या काकू इंग्रजीत, बँकेतले साहेब नुसत्या खाणाखुणांवर! शिकायचं कुठं त्यांनी?

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, मराठी शिकले, गोंडांच्या कथा टिपून ठेवल्या. त्यांच्या नावाचं कॉलेज अख्ख्या शहराला ठाऊक आहे. तेव्हा कुणीतरी त्यांच्याशी मराठी बोललंच असेल ना? मग आता काऊन नाही? अडखळू द्या, चुकू द्या. एका वाक्याला दोन मिनिटं लागली तर लागू द्या!

घरी येताना ताई हळूच विचारत होत्या, "माझं मराठी एवढं वाईट आहे का?" काय सांगू त्यांना?