वजाबाकी तिच्याच पगारातून का?

आज ऑफिसात एका मैत्रिणीचा निरोप समारंभ होता. मूल दीड वर्षाचं, पाळणाघराची फी पुन्हा वाढली, म्हणून तिने राजीनामा दिला. केक कापून झाल्यावर एक साहेब म्हणाले, "बरं केलंस. नाहीतरी सगळा पगार पाळणाघरातच घालत होतीस, हातात उरत काय होतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं फिरलंय.

मूल दोघांचं. मग फी एकटीच्या पगारातून वजा करायची ही कुठली गणिताची शाळा? तिचा नवरा काय फुकट राबतो? माझा मुलगा पाळणाघरात होता तेव्हा फी माझ्या खात्यातून जायची. तरी "एवढी फी भरून परवडतं का गं नोकरी करायला?" हा प्रश्न सगळे बायकोलाच विचारायचे. मला एकानेही विचारला नाही. आणि वजाबाकी करायची ती पण या महिन्याची! पाच वर्षांनी ती परत नोकरी शोधायला जाईल तेव्हा बरोबरीचे लोक कुठे पोचलेले असतील, बुडालेल्या बढत्या, बुडालेला फंड, हे कोण मांडणार त्या हिशेबात?

आता काही जण म्हणतील, पाळणाघरवालेच लुटतात. असतील काही. पण आमच्या पाळणाघराने फी वाढवली तेव्हाची पालकसभा मला अजून आठवते. सगळे तावातावाने बोलत होते आणि मागे एक मावशी कुणाचं तरी झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. सभा संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "दादा, माझ्या पगारात माझंच लेकरू इथे ठेवता येत नाही. सासूकडे असतं ते."

म्हणजे आम्हाला फी झेपत नाही आणि ज्यांना ती फी मिळते असं आम्हाला वाटतं, त्यांचंही भागत नाही. यात कोडं काहीच नाही. तान्ही बाळं एक माणूस धड सांभाळणार किती? तीन, फार तर चार. मशीन लावून हे काम झटपट उरकता येत नाही. फीचा मोठा भाग माणसांच्या पगारातच जातो, वर जागेचं भाडं. फी कमी करायची तर मावशींचा पगार कापा, नाहीतर एकीच्या अंगावर दहा बाळं टाका. तिसरा रस्ता एकच, सरकारने आणि मालकांनी वाटा उचलायचा. शाळेला आपण सगळे मिळून पैसे देतो ना? मग मूल सहा वर्षांचं होईपर्यंत ते काय फक्त आईबापांचं खाजगी प्रकरण असतं?

कॅनडातल्या क्वेबेकने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघरं सुरू केली आणि आया मोठ्या संख्येने कामावर गेल्या. तिथेही जागांसाठी रांगा लागल्या, सगळीच पाळणाघरं चांगली निघाली असंही नाही. मान्य. पण निदान प्रश्न सगळ्यांचा आहे हे तरी मानलं. उलट अमेरिकेत १९७१ मध्ये संसदेने मंजूर केलेलं बालसंगोपनाचं मोठं विधेयक राष्ट्राध्यक्ष निक्सनसाहेबांनी नकाराधिकार वापरून अडवलं. कारण काय, तर कुटुंबव्यवस्था कमकुवत होईल! साहेब लोक सगळीकडे सारखेच.

त्या मावशींना माझ्या मुलाचा कान चोळला की तो झोपतो हे माहीत होतं. आमच्या घरात हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. मी ऑफिसात निश्चिंत बसायचो ते त्यांच्या जिवावर. आणि त्यांचं लेकरू सासूकडे. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत हे मी कधी विचारलं नाही, पण आजी-आजोबा म्हणजे फुकटची सोय असं समजणाऱ्यांनी एकदा दोन वर्षांच्या पोरामागे दिवसभर धावून बघावं.

ज्यांना मनापासून घरी राहायचंय त्यांनी जरूर राहावं, आईने काय, बापाने काय. त्याबद्दल तक्रार नाही. पण आजची मैत्रीण मनापासून गेलेली नाही. सकाळी ती तिच्या कामाची फाइल समजावून सांगताना दोनदा थांबली. कामात ती आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा हुशार आहे.

बापांनो, तुमच्यासाठी एवढंच. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर स्वतःचा लिहा. पोराला ताप आला की भर मीटिंगमध्ये फोन तुम्हाला येऊ दे, तुम्ही उठून जा आणि साहेबांचा चेहरा बघा. मग कुणाच्या पगारातून काय उरतं यावर बोलायला बसू.