मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज नव्हे : एका संदेशाचा प्रतिवाद

घरगुती ध्वनिसंच आणि राउटर विकत घेणाऱ्यांसाठी ‘पाच सुवर्णनियम’ सांगणारा एक संदेश सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : राउटरच्या नावापुढे ‘५जी’ दिसले की ते पाचव्या पिढीचे इंटरनेट समजावे आणि २.४ चे नेटवर्क बंद करून टाकावे. ब्लूटूथ ५ चा आवाज ब्लूटूथ ४ पेक्षा चांगला असतो. वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो. ऑप्टिकल केबल प्रकाशावर चालते म्हणून ती सर्वांत सरस. आणि वायफाय हा ‘वायरलेस फिडेलिटी’चा संक्षेप असल्यामुळे वायफाय स्पीकर मुळातच हाय-फाय, म्हणजे मूळ ध्वनीशी प्रामाणिक, असतो. ही पाचही विधाने चुकीची आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून लोक चांगली चालणारी उपकरणे बदलतात, म्हणून त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला नियम सर्वांत अधिक नुकसान करणारा आहे. मोबाइलच्या ‘५जी’मधील ‘जी’ म्हणजे जनरेशन, अर्थात पिढी. राउटरच्या नावापुढील ‘५जी’ हे ५ गिगाहर्ट्झ या वारंवारितेचे लघुरूप आहे. दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची सुमारे ६ सेंटिमीटर, आणि या आखूड लहरी भिंतींमधून जाताना अधिक क्षीण होतात. याउलट २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीन चॅनल मिळतात आणि त्याच पट्ट्यात ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात, त्यामुळे तेथे गर्दी होते. म्हणून राउटरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वेगवान ठरते, तर दोन भिंतींपलीकडे २.४ अनेकदा अधिक भरवशाचे ठरते. ते बंद केले तर केवळ त्याच पट्ट्यावर चालणारे दिवे, प्लग आणि जुने स्पीकर एकदम तुटतात, आणि मग दोष मात्र उपकरणांना दिला जातो. यात भर म्हणून ‘वायफाय ५’ ही आणखी तिसरीच गोष्ट आहे : वायफायच्या ८०२.११एसी या तांत्रिक मानकाला २०१८ मध्ये दिलेले ते सोपे नाव आहे. इतक्या वेगळ्या तीन गोष्टींना एकच आकडा चिकटला, यात वापरणाऱ्यांचा दोष नाही. नावे ठेवणाऱ्यांनी अधिक काळजी घ्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्लूटूथची ५ ही आवृत्ती २०१६ मध्ये आली तेव्हा दुप्पट वेग आणि चौपट पल्ला यांची बरीच चर्चा झाली, आणि संदेशातील समजूत बहुधा तेथूनच निघाली असावी. परंतु त्या सुधारणा कमी ऊर्जेवर चालणाऱ्या ब्लूटूथसाठी होत्या, आणि संगीत तेव्हा जुन्या, ‘क्लासिक’ म्हटल्या जाणाऱ्या मार्गानेच जात होते. आवाजाचा दर्जा ठरवतो तो कोडेक, म्हणजे ध्वनीची माहिती आकुंचित करून पाठवण्याची पद्धत. सीडीवरील ध्वनीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात, तर या मार्गावर सर्वांना अनिवार्य असलेला एसबीसी कोडेक चांगल्या प्रतीसाठी साधारण ३२८ किलोबिट वापरतो. याहून चांगला कोडेक हवा असेल तर तो फोन आणि स्पीकर या दोन्हींकडे असावा लागतो. एकाकडे नसेल तर दोघेही निमूटपणे एसबीसीवर उतरतात. पुढे ५.२ या आवृत्तीने एलई ऑडिओ, म्हणजे कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवरून ध्वनी पाठवण्याची सोय, आणि त्याच्या एलसी३ या कोडेकची वाट मोकळी केली हे खरे, परंतु खोक्यावर ५.२ लिहिले आहे म्हणून ती सोय आत असेलच असे नाही. विचारायचे ते कोडेकचे नाव.

वॅटबाबतचा नियम तर कानाच्या स्वभावालाच विसरतो. शक्ती दुप्पट केली की ध्वनिपातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची, गरज असते. त्यातही स्पीकरची संवेदनशीलता निर्णायक ठरते. एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९० डेसिबल देणारा स्पीकर ५० वॅटमध्ये जितका आवाज करतो, तितकाच आवाज करायला ८४ डेसिबलच्या स्पीकरला सुमारे २०० वॅट लागतात. म्हणजे खोक्यावर चौपट वॅट आणि कानाला फरक शून्य. ‘पीएमपीओ’ या नावाने छापलेले हजारोंचे आकडे क्षणभराच्या कमाल शक्तीचे असतात आणि ते मोजण्याची सर्वमान्य रीतही नाही; पाहायचेच असेल तर आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी शक्ती, पाहावी.

ऑप्टिकल केबलबद्दल थोडक्यात सांगता येईल. १९८३ मध्ये तोशिबाने आणलेल्या या जोडणीतून अंकीय माहितीच जाते. ती प्रकाशाने गेली म्हणून गोड होत नाही. दोन उपकरणांमध्ये विजेची जोडणी होत नसल्याने गुणगुण टळते, हा तिचा खरा फायदा. मात्र तिच्यातून दोन चॅनलचा मूळ ध्वनी किंवा आकुंचित केलेला ५.१, म्हणजे सहा चॅनलचा, ध्वनीच जाऊ शकतो, तर एचडीएमआयच्या ई-आर्क, म्हणजे टीव्हीचा ध्वनी ध्वनिसंचाकडे नेणाऱ्या, जोडणीतून अनेक चॅनलचा न आकुंचित केलेला ध्वनीही जातो.

राहिला वायफायचा संक्षेप. हे नाव १९९९ मध्ये इंटरब्रँड या नामकरण करणाऱ्या संस्थेने सुचवले. ‘वायरलेस फिडेलिटी’ हे शब्द नंतर काही काळ घोषवाक्यात वापरले गेले, ते नावाचे मूळ नव्हेत. वायफाय स्पीकरचा चांगुलपणा नावात नाही, तर सीडीच्या दर्जाचा ध्वनी न कापता वाहून नेण्याइतकी जागा त्या मार्गावर असते यात आहे, अर्थात स्पीकरचा पडदा आणि पेटी त्या योग्यतेची असेल तर. शिवाय असे बरेच स्पीकर गाणे थेट इंटरनेटवरून घेतात आणि फोनचा उपयोग केवळ रिमोटसारखा होतो, त्यामुळे मध्येच कोणाचा फोन आला तरी गाणे थांबत नाही.